'तिचे वडील' म्हणजे कोणाचे वडील?



इंग्रजीच्या चाचणीतील 'चूक शोधा' हा प्रश्न तुम्ही पुष्कळदा सोडवला असेल. एक वाक्य दिलेले असते. त्याचे तीन तुकडे पाडून त्यांना अ, ब, क अशी अक्षरे देतात आणि चौथा पर्याय असतो, 'चूक नाही'. शाळेत हा प्रश्न दोन-चार गुणांचा असतो. पण पुढे तुम्ही राज्य लोकसेवा आयोगाच्या, कर्मचारी निवड आयोगाच्या किंवा बँकांच्या परीक्षांना बसाल, तेव्हा असे प्रश्न ओळीने समोर येतील. त्यांत दोन चुका वारंवार विचारल्या जातात. सर्वनाम कोणाबद्दल आले आहे ते नीट कळत नाही, ही एक. 'आणि'ने जोडलेल्या गोष्टी एका घडणीच्या नसतात, ही दुसरी. या दोन्हींविषयी मला तुमच्याशी बोलायचे आहे, कारण असा एक प्रश्न तपासताना मी स्वतःच चुकले होते.

मी बारामतीला शिकवते. एका वर्षी दर शनिवारी दुपारी मी इंदापूरला नववी-दहावीच्या मुलींचा इंग्रजीचा जादा तास घ्यायला जात असे. एकदा मी त्यांना बाजारात मिळणाऱ्या एका प्रश्नसंचातील वीस वाक्ये सोडवायला दिली. त्यांतले एक वाक्य असे होते : 'सलमा टोल्ड रझिया दॅट हर फादर हॅड कम.' म्हणजे सलमाने रझियाला सांगितले, की तिचे वडील आले आहेत. उत्तरसूचीत उत्तर होते, 'चूक नाही'. नववीतल्या एका मुलीने मात्र 'हर फादर' या तुकड्याला खूण केली होती. मी लाल पेनाने फुली मारली आणि पुढे गेले.

तास संपल्यावर ती मुलगी माझ्यामागोमाग दारापर्यंत आली. वही पुढे करून म्हणाली, "टीचर, हर म्हणजे कोणाचे अब्बा आले? सलमाचे की रझियाचे?"

मी म्हणाले, "उत्तरसूचीत ड आहे ना? मग ड."

ती आणखी काही बोलली नाही. वही मिटून निघून गेली. मी एस.टी.त बसले. गाडी निमगाव केतकीच्या पुढे आली तरी तिचा प्रश्न माझ्या मनातून जाईना. कोणाचे अब्बा आले? मला उत्तर देता येत नव्हते. मलाच काय, ते वाक्य लिहिणाऱ्यालाही देता आले नसते. घरी रझिया एकटीच असेल आणि तिचे वडील परगावाहून आले असतील, तर तिने धावत जायला हवे. सलमाचे वडील आले असतील तर रझियाने धावायचे कारण नाही. म्हणजे या एका शब्दावर एक मुलगी घराकडे धावणार की नाही हे ठरते, आणि आम्ही मात्र म्हणत होतो, 'चूक नाही'!

आता तुम्ही म्हणाल, व्याकरणाच्या नियमाने त्या वाक्यात चूक कुठे आहे? कर्ता बरोबर, काळ बरोबर, सर्वनामाचे लिंग-वचनही बरोबर. हे मला मान्य आहे. पण वाक्य लिहितात ते दुसऱ्याला काही कळावे म्हणून. जे वाक्य वाचून दोन माणसांना दोन वेगळ्या बातम्या कळतात, त्याला निर्दोष म्हणायला मी तयार नाही.

अशी तक्रार दूरच्या देशातही झाली आहे. अमेरिकेत महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेआधी शाळकरी मुलांची एक सरावाची मोठी परीक्षा होते. तिचे नाव पीएसएटी. ऑक्टोबर २००२ मधील या परीक्षेत टोनी मॉरिसन या लेखिकेविषयी एक वाक्य होते. मॉरिसन यांना १९९३ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. 'टोनी मॉरिसन यांची प्रतिभा त्यांना अमुक प्रकारच्या कादंबऱ्या लिहू देते', असा त्या वाक्याचा साधारण अर्थ होता. परीक्षा मंडळाचे उत्तर होते, 'चूक नाही'. मेरीलँड राज्यातील एका शिक्षकाने त्याला हरकत घेतली. त्याचे म्हणणे असे, की वाक्यात 'टोनी मॉरिसन' हे नाव सुटे आलेलेच नाही. 'टोनी मॉरिसन यांची' असे षष्ठीचे रूप आले आहे. मग 'त्यांना' हे सर्वनाम कोणत्या नामाकडे जाणार? पुष्कळ व्याकरणांच्या पुस्तकांत असा वापर चुकीचा म्हटलेला आहे. मंडळाने आधी ऐकले नाही. शिक्षकाने पत्रव्यवहार सोडला नाही. शेवटी २००३ साली मंडळाने तो प्रश्न रद्द केला आणि उत्तरपत्रिकांचे गुण पुन्हा मोजले. एका सर्वनामापायी लाखो मुलांच्या गुणांचा हिशोब पुन्हा करावा लागला.

खरे सांगायचे तर त्या शिक्षकाचा नियम मला फार कडक वाटतो. त्या वाक्यात दुसरी बाई नाहीच, त्यामुळे वाचणारा गोंधळत नाही. इंदापूरच्या मुलीची बाजू त्याच्यापेक्षा कितीतरी भक्कम होती. तिच्या वाक्यात दोन मुली होत्या आणि 'हर' दोघींनाही लागू पडत होते. फरक एवढाच, की तो शिक्षक अडून बसला आणि ही मुलगी वही मिटून निघून गेली. तिला तसे निघून जायला मी लावले.

तुम्ही उर्दू माध्यमात शिकता. तुम्हाला हा विषय मुळीच परका नाही. उर्दूत सर्वनामाला 'जमीर' म्हणतात आणि ते ज्या नामाकडे परत जाते त्या नामाला 'मर्जा' म्हणतात. मर्जा म्हणजे परत जाण्याची जागा. मराठीत आपण 'नोकरीवर रुजू झाला' असे म्हणतो, तो 'रुजू' शब्दही त्याच अरबी मुळापासून आला आहे. कामावर रुजू होणाऱ्या माणसाला आपले कार्यालय कोणते ते ठाऊक असावे लागते, तसेच सर्वनामाचे आहे. शिवाय 'जमीर'चा दुसरा अर्थ तुम्ही घरीदारी ऐकता : सदसद्विवेकबुद्धी. उत्तरसूची पुढे करून मी त्या मुलीला गप्प केले, तेव्हा या दुसऱ्या जमीरनेही मला जरा टोचले.

तीन भाषा जवळ असण्याचा एक फायदा असा, की एकीचे कच्चे दुवे दुसरीत दिसतात. उर्दूत 'वो' म्हटले की पुरुष की स्त्री, एक की अनेक, हे त्या शब्दावरून कळत नाही. ते क्रियापदावरून कळते. मराठीत तो, ती, ते असे वेगळे शब्द आहेत. म्हणून मराठी अगदी स्पष्ट, असे मात्र समजू नका. 'ते आले' हे वाक्य घ्या. गुरुजी आले तरी 'ते आले', चार मुलगे आले तरी 'ते आले' आणि गोठ्यात वासरू आले तरी 'ते आले'!

उलट काही ठिकाणी मराठी इंग्रजीच्या पुढे आहे. 'सलमाने रझियाला आपली वही दिली' म्हटले की वही सलमाची, आणि 'तिची वही दिली' म्हटले की बहुधा रझियाची. उर्दूतला 'अपना' हेच काम करतो. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच 'हर'. तसेच 'आम्ही जाणार' आणि 'आपण जाणार' यांतला फरक पाहा. पहिल्यात ऐकणारा घरी राहतो, दुसऱ्यात तोही बरोबर येतो. इंग्रजीच्या 'वी'ला आणि किताबी उर्दूच्या 'हम'ला हा फरक दाखवता येत नाही. घरातल्या आपल्या दख्खनी बोलीत मात्र त्यासाठी 'अपन' आहे. तेव्हा दख्खनी म्हणजे बिघडलेली उर्दू, असे कोणी म्हणाले तर त्याला हे उदाहरण द्या.

आणखी एक गोष्ट. सलमा-रझियाचे वाक्य आपण बोलताना तसे बोलतच नाही. आपण म्हणतो, 'तुझे अब्बा आलेत, असे सलमाने रझियाला सांगितले.' बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो, त्यामुळे घोटाळा होत नाही. इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत मात्र प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष कथन करायला सांगतात. 'युअर फादर'चे 'हर फादर' झाले, की स्पष्ट असलेली गोष्ट धूसर होते आणि त्याबद्दल आपल्याला एक गुण मिळतो! मी हे गमतीने म्हणते आहे, पण पूर्ण गमतीने नाही.

आपल्या भागाचे उदाहरण देते. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. बारामती तालुक्यातून तो पुढे इंदापूर तालुक्यात जातो. कालव्याच्या वरच्या अंगाला आणि शेपटाला असलेल्या शेतकऱ्यांत पाण्याच्या पाळीवरून बोलाचाली व्हायच्याच. आता समजा, कोणी लिहिले, 'वरच्या शेतकऱ्यांनी खालच्या शेतकऱ्यांना कळवावे, की त्यांची पाळी गुरुवारी आहे.' गुरुवारी रात्री दारे धरायला कोण जाणार? दोघेही जातील आणि भांडण होईल, किंवा कोणीच जाणार नाही आणि पाणी वाया जाईल.

म्हणूनच जुन्या सरकारी लिखाणात सर्वनामावर विसंबून राहत नसत. इंदापूर तालुक्याला या बाबतीत एक इतिहास आहे. पेशवाई गेल्यावर १८३० च्या सुमारास इंग्रज सरकारने येथे प्रिंगल याच्या पाहणीवरून शेतसारा बसवला. तो रयतेला पेलवला नाही, गावे ओस पडू लागली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी नव्याने मोजणी केली आणि १८३६ साली नवे दर लागू झाले. मुंबई इलाख्यातील पुढच्या जमीनमोजणीला येथून वळण लागले. शेत कोणाचे आणि सारा कोणी भरायचा, हे कागदावर चुकले तर घर बुडते. अशा कागदांत 'तो', 'त्याचा' असे शब्द कसे चालतील? म्हणून 'सदरहू इसम', 'मजकूर गाव' असे लिहीत. पेशव्यांच्या काळच्या पत्रांत 'मशारनिल्हे' असा शब्द येतो. त्याचा अर्थ, ज्याच्याकडे निर्देश केला आहे तो. सदर, इसम, मजकूर, मशारनिल्हे हे सारे शब्द अरबी-फारशीतून मराठीत आले. तुमच्या वर्गमित्रांना कचेरीतली मराठी अवघड वाटते. तुम्हाला तिच्यातले निम्मे शब्द आधीच ओळखीचे असतात, हे लक्षात ठेवा.

आता 'आणि'ने जोडलेल्या गोष्टींकडे येऊ. 'शी लाइक्स रीडिंग, रायटिंग अँड टू स्विम', असे वाक्य तुम्हाला दिले जाते. बरोबर वाक्य, 'रीडिंग, रायटिंग अँड स्विमिंग'. तुम्हाला हे अवघड वाटते. पण मराठीत कोणी 'तिला वाचायला, लिहायला आणि पोहणे आवडते' असे म्हणाले तर तुमचे कान लगेच टवकारतात. नियम न शिकता कानाला कळते. कारण आपण लहानपणापासून सारख्या घडणीची वाक्ये ऐकत आलो. 'जितने मुँह उतनी बातें' ही उर्दू म्हण आणि 'जितक्या व्यक्ती तितक्या प्रकृती' ही मराठी म्हण शेजारी ठेवा. दोन्ही म्हणींचे दोन पाय सारख्याच मापाचे आहेत. एक पाय आखूड केला तर म्हण लंगडेल.

आपल्या बारामतीत तर असा कवी होऊन गेला, ज्याने वाक्याची घडण म्हणजे काय ते दाखवून दिले. मोरोपंत (१७२९-१७९४) यांचा जन्म पन्हाळ्याचा. पण त्यांचे आयुष्य बारामतीत बाबूजी नाइकांच्या आश्रयाने गेले. त्यांची आर्या मात्रा मोजून बांधलेली असते. त्यांनी रामायण अनेक तऱ्हांनी रचले. त्यांतले 'निरोष्ठ रामायण' असे आहे, की वाचताना ओठाला ओठ लागत नाही. प, फ, ब, भ, म ही अक्षरे त्यात येतच नाहीत. एवढे कष्ट आपण घ्यावेत असे मी म्हणत नाही. तीन गोष्टी एका मापात बसवाव्यात, एवढेच इंग्रजीचा पेपर मागतो.

ही केवळ सजावट नाही. हे वाक्य वाचा : 'साहेबांनी पाणी सोडण्याचे, कालवा दुरुस्त करण्याचे आणि थकबाकी माफ होईल असे आश्वासन दिले.' कानाला खटकते ते शेवटचे. पण नुसते खटकून सोडू नका. पाणी साहेब सोडणार, कालवा साहेब दुरुस्त करणार. थकबाकी मात्र 'माफ होईल'. कोण करणार? कधी? तिसरी गोष्टही 'माफ करण्याचे' अशी लिहिली असती, तर साहेबांना आपला शब्द टाळता आला नसता. वाक्याचा जो पाय आखूड असतो, तेथे पुष्कळदा काहीतरी लपवलेले असते.

सर्वनाम आणि सारखी घडण या दोन गोष्टी एकाच प्रश्नात येतात, तेव्हा तर हमखास गुण जातात. 'द शुगरकेन ऑफ बारामती इज टॉलर दॅन इंदापूर.' या वाक्यात बारामतीच्या उसाची तुलना इंदापूर गावाशी झाली! पाहिजे होते 'दॅन दॅट ऑफ इंदापूर'. हे 'दॅट' उसाच्या जागी उभे आहे. मराठीत 'बारामतीचा ऊस इंदापूरपेक्षा उंच' असे बोलण्यात चालून जाते, पण लिहिताना 'इंदापूरच्या उसापेक्षा' असेच लिहावे. (ऊस कोणाचा उंच, या वादात मी पडत नाही. दोन्ही गावांत मला चहा मिळतो.)

माझा आक्षेप या प्रश्नांना नाही, ते शिकवण्याच्या आमच्या पद्धतीला आहे. आम्ही शिक्षक युक्ती सांगतो : 'अँड दिसले की आधीचा आणि नंतरचा शब्द पाहा. एकाला आयएनजी असेल तर दुसऱ्यालाही हवे.' ही युक्ती दहांपैकी आठ वेळा चालते. उरलेल्या दोन वेळा ती फसवते. 'ही इज इन गुड हेल्थ अँड एबल टू वर्क' हे वाक्य बघा. 'इन गुड हेल्थ' आणि 'एबल टू वर्क' यांचे रूप सारखे नाही, तरी वाक्य अगदी बरोबर आहे. कारण दोन्ही तुकडे एकच काम करतात, तो माणूस कसा आहे ते सांगतात. युक्ती शिकलेला मुलगा येथे चूक दाखवील. अर्थ पाहायला शिकलेला मुलगा दाखवणार नाही.

दुसरे असे, की भाषा पुढे जाते आणि प्रश्नसंच मागे राहतात. 'एव्हरीवन'नंतर 'हिज'च हवे, 'देअर' लिहिले तर चूक, असे जुने प्रश्नसंच सांगतात. पण एकट्या व्यक्तीसाठी 'दे' वापरणे आता इंग्रजीत सर्रास चालते. मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन कोशाने २०१९ सालचा शब्द म्हणून 'दे' हाच निवडला होता. आता 'एव्हरीवन'मध्ये मुलीही असताना 'हिज'चाच आग्रह का, असे एखाद्या मुलीने विचारले, तर तिला फुली मारावी काय?

माझे एक सहकारी म्हणतात, "तुम्ही मुलांना शंका काढायला शिकवाल आणि परीक्षेत त्यांचा वेळ संपेल. एका प्रश्नाला अर्धा-पाऊण मिनिट मिळते. तेथे वाद घालायला कोण बसले आहे?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. गरिबाच्या मुलाला नोकरी हवी असते, आणि एका गुणाने यादीतले नाव खाली जाते. म्हणून परीक्षेच्या खोलीत तुम्ही उत्तरसूचीला जे अपेक्षित असेल तेच लिहा, असेच मी सांगेन. पण वर्गाची खोली ही परीक्षेची खोली नव्हे. वर्गात विचारायचे नाही तर कोठे विचारायचे? आणि एखाद्या आयोगाने उत्तरसूची जाहीर करून हरकती मागवल्या, तर हरकत लिहायला तोच मुलगा पुढे येईल, ज्याला वर्गात कोणी गप्प केलेले नाही.

पुढच्या शनिवारी मी त्या मुलीची वही मागून घेतली. फुली खोडली, गुण दिला आणि सर्वांसमोर सांगितले, की तिचे बरोबर होते, माझे चुकले. तेव्हापासून माझ्या चाचणीत मी पाचवा पर्याय ठेवते : 'दोन अर्थ होतात'. तो निवडणाऱ्याने खाली दोन्ही अर्थ लिहायचे असतात. सुरुवातीला आळशी मुलींनी प्रत्येक प्रश्नाला तोच पर्याय टिकवला. अर्थ लिहावे लागतात म्हटल्यावर ते आपोआप थांबले.

त्यानंतर महिनाभराने मी घाईघाईत फळ्यावर एक सूचना लिहून बारामतीची गाडी पकडली : 'दहावीच्या मुलींनी नववीच्या मुलींना कळवावे, की त्यांचा तास शनिवारी तीन वाजता होईल.' शनिवारी मी खोलीत शिरले तर दोन्ही वर्ग येऊन बसलेले. एकेका बाकावर चार-चार मुली होत्या. पहिल्या बाकावर तीच नववीतली मुलगी वही उघडून बसली होती. वहीत तिने माझी सूचना उतरवून घेतली होती आणि तिच्याखाली 'दोन अर्थ होतात' असे लिहून एक, दोन असे आकडे टाकून दोन्ही अर्थ लिहिले होते. मी खडू घेतला आणि दोन्ही वर्गांचा तास एकदमच सुरू केला.